किती जळलंय ते मोजताना

जळिताच्या वॉर्डात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. सत्तरच्या दशकाअखेरी मी वर्ध्याच्या एका हॉस्पिटलात नवी डॉक्टर होते. जुन्या मैत्रिणी भेटल्या की आजही तेच विषय निघतात.

पहिल्याच आठवड्यात गिरडची तीन वर्षांची पोर आली, अंगावर उकळती डाळ सांडलेली. हाताचा एक पंजा म्हणजे अंगावरची एक टक्का कातडी, हे मला पाठ होतं. मी ऐटीत स्वतःचा पंजा धरून मोजलं आणि सहा टक्के लिहिले. सिस्टर कमलताईंनी पोरीचा इवलासा हात माझ्या हाताशेजारी धरला. "बाई, जळलं कोण? पंजा तिचाच पायजे." तिच्या पंजानं पंधरा भरले! सलाईन टक्क्यांच्या हिशेबानंच द्यायचं असतं, ते मी लगेच वाढवलं. पोर वाचली, ती कमलताईंमुळे.

एकदा एक मास्तर भावाला घेऊन आले. जळल्यावर घरगुती उपाय म्हणून पायावर अख्खी शाईची दौत ओतलेली. किती जळलंय, असं विचारलं तर म्हणाले, "निळं दिसते तेवढं सारं." धुतल्यावर अर्धा पाय धडधाकट निघाला! उरलेला मात्र पांढराफटक होता, म्हणजे खोल जळलेला, आणि लालपेक्षा पांढऱ्याचीच आम्हाला जास्त धास्ती.

एकाच्या गोठ्याला आग लागली होती. बैल सोडताना त्याची नुसती मिशी जळली. मी मलम देऊन त्याला घरी पाठवणार, तेवढ्यात कमलताईंनी त्याला नाव विचारलं. आवाज घोगरा आला. धूर आत गेलाय, याला हलू देऊ नका, म्हणाल्या. दुपारपर्यंत त्याला श्वास घेता येईना. मी त्याला एसटीची वेळसुद्धा सांगून बसले होते!

वडनेरच्या सुमनचा किस्सा मी फार कमी वेळा सांगते. घरात स्टोव्ह भडकला होता. सगळा वॉर्ड कण्हत असताना ही मात्र शांत पडून होती. घरी सहा महिन्यांचं लेकरू होतं. त्याला पाजायला संध्याकाळपर्यंत सोडाल ना, एवढंच विचारत होती. तिला दुखत नाही म्हणून नवराही खूश. कातडी खोलवर जळली की टोचलेली सुई कळत नाही, आणि असा भाग जितका मोठा तितकी वाचायची आशा कमी. ते तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी तिला तोंड फिरवायला सांगितलं. छातीवर टोचलं, पोटावर टोचलं, दोन्ही मांड्यांवर टोचलं. मग सुई हातात धरून तशीच उभी राहिले.

ती म्हणाली, "टोचा ना बाई, काऊन थांबल्या? मले लेकराकडे जाचं हाये."