डिसेंबरच्या वाळवंटात कांदे घेऊन गेलेले धुळेकर

आधीच सांगते, ज्यांना उंट, सूर्यास्त आणि 'स्वतःचा शोध' असलं काही वाचायचंय त्यांनी दुसरा ब्लॉग गाठावा. इथे एका शहाण्या कुटुंबाची हकिगत आहे. म्हणजे आमचीच.

आम्ही धुळ्याचे. मी, नवरा किशोर, दोन वर्षांची मनू आणि नरडाण्याहून खास आमच्यासोबत आलेले सासरे, नाना. जैसलमेरजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कात नाताळच्या सुट्टीत चालायला जायचं किशोरच्या मनात होतं. पण पक्कं केलं ते त्याच्या पुण्याच्या मित्राने. "एवढ्या लहान मुलीला वाळवंटात? ऊन झेपायचं नाही तिला," असं तो फोनवर बोलला. आता घ्या! पारा छत्तीसला टेकला की ज्यांच्या गावात बातमी होते, ते खान्देशच्या लोकांना ऊन शिकवणार! नाना तर चवताळलेच. "आमले ऊन काय शिकाडस तो? बठ्ठा जलम उनमा गया!" झालं, निघायचं ठरलं.

तिथल्या वाटाड्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडमजी, बच्ची के लिए गरम कपड़े ज़रूर लाना." मी फोन ठेवून हसत सुटले. वाळवंटात गरम कपडे! म्हटलं, याच्या मेव्हण्याचं शालींचं दुकान असणार. किशोरने तरीही मनूचे दोन स्वेटर आणि कानटोपी बॅगेत भरली. ते सगळं मी माझ्या हाताने बाहेर काढलं आणि त्या जागी कांदे भरले. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात ना आमच्याकडे, म्हणून नानांनी बजावून सांगितलं होतं. शिवाय मलमलचे सहा रुमाल, तीन सुती टोप्या, कैरीच्या पन्ह्याची बाटली. वाचणाऱ्याला हसू येत असेल तर हसा, मला चालेल.

रस्ता सांगते. धुळे, नवापूर, सुरत, अहमदाबाद, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पालनपूर, बाडमेर करत जैसलमेर. रस्ते झकास, जेवण विचारू नका. गुजरातेत डाळ की खीर, हे चव घेऊनही कळत नाही. नानांनी सोबतची कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला आणि ढाबेवाल्याकडे असं पाहिलं की त्याने आपणहून कांदा आणून दिला. म्हटलं, दादा, तो तेवढा आहे आमच्याकडे.

वाळूच्या टेकड्यांजवळचे तंबू रात्रीला साडेतीन हजार. तेवढ्यात तुम्हाला कापडी भिंत आणि कानठळ्या बसवणारा डीजे मिळतो. लोकनृत्याच्या नावाखाली सिनेमाची गाणी. टेकडीवर वाळू कमी आणि वेफर्सची पाकिटं जास्त. शेजारच्या तंबूतले एक गृहस्थ ट्रेकिंगच्या महागड्या काठ्या टेकत आले. "धुळ्याहून? तिथे बघण्यासारखं काय आहे हो?" मी म्हटलं, "तुम्ही येत नाही, हेच." त्यांना विनोद वाटला.

पार्काची परवानगी आदल्या दिवशीच काढून ठेवा. आम्ही पहाटे साडेसहाला चालायला लागलो. अजून उजाडायचं होतं. वाटाड्या पन्नाशीचा, डोक्यापासून हनुवटीपर्यंत मफलर. त्याने किशोरच्या पाठीवरच्या झोळीत बसलेल्या मनूकडे पाहिलं. "स्वेटर?" मी ऐटीत म्हटलं, "हमारे यहाँ की है, मजबूत है." आणि वर दोन रुमाल गुंडाळले.

वारा असा की दात वाजायला लागले. तरी कुणी बोलेना. थंडी वाजतेय म्हणायचं म्हणजे पुण्याचा मित्र जिंकणार! मनू तेवढी कुरकुरत होती. तासाभराने चिंकारा दिसले, आठ-दहा, अगदी जवळ. मनूने भोकाड पसरलं. मी दटावलं, "गप्प बस गं! पळतील ती." पाचेक मिनिटांत ती खरंच गप्प झाली. "पाहा, किती शहाणी आहे," मी म्हटलं आणि फोटो काढत राहिले. अर्धा तास.

वाटाड्या मागे वळला, मनूच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "मॅडमजी, ये रो क्यों नहीं रही?"

ओठ निळसर. मान किशोरच्या खांद्यावर कलंडलेली. मी बोट तिच्या मुठीत दिलं, तिने धरलं नाही. नाना किशोरवर ओरडले, "तुले अक्कल शे का? पोरना गरम कपडा कोठे शेतस?" किशोरने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

जवळच गुराख्यांची दोन-तीन झोपड्यांची वस्ती होती. तिथपर्यंत आम्ही पळालो. एका बाईने मनूला माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलंच. तिचे गारठलेले कपडे काढले, तिला आपल्या उघड्या छातीशी धरलं, वरून मेंढीच्या लोकरीची घोंगडी घेतली आणि चुलीजवळ बसली. ती मारवाडीत काहीतरी म्हणाली. वाटाड्याने सांगितलं, "कह रही है, बच्चा रोए तो ठीक है. चुप हो जाए, तब डरना." आणि अशा वेळीही माझ्या मनात काय आलं? ही आता किती पैसे मागेल. लाज वाटते लिहायला, पण आलं खरं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मनू हळूहळू कापायला लागली. मग चमचाभर कोमट दूध पोटात गेलं, दुसरा चमचा तिने थुंकला आणि अशी किंचाळली की बाहेरच्या शेळ्या उधळल्या. मी तिथेच ढसाढसा रडले.

"नाना, किशोरने स्वेटर भरले होते. मी काढले," मी म्हटलं. "कांद्यांसाठी."

"कांदा लेवानं तं मीच सांगेल व्हतं," नाना चुलीकडे बघत म्हणाले.

पैसे पुढे केले तर त्या बाईने माझा हात झटकला आणि मला बरंच सुनावलं. वाटाड्याने ते भाषांतर करून सांगायचं टाळलं. गरज नव्हती. जैसलमेरात डॉक्टरांनी मनूला तपासलं, ठणठणीत म्हणाले. तर वाचकहो, डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर लोकरीचे कपडे, हातमोजे, जाड मोजे, आणि लहान मूल सोबत असेल तर उन्हं वर आल्याशिवाय तंबूबाहेर पडू नका. आम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी गाडी वळवली.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. चिंकाराचे फोटो छान आलेत, मी अजून कुणाला दाखवले नाहीत. मनूचा घसा पूर्ववत आहे. परवा वाटी निळी नको, स्टीलचीच हवी म्हणून तिने फरशीवर लोळण घेतली आणि अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली. शेजारच्या अक्का दारात आल्या. "अगं, केव्हाची रडतेय! गप्प कर की तिला."

"असू द्या अक्का, रडू द्या," मी म्हटलं. दार लावलं आणि तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिले, ती दमेपर्यंत.