रोटाच्या दिवशीचं पाणी

ओंजळ भरली की आबा ती आधी नाकाशी न्यायचे. आपण पाणी तोंडाला लावतो, हा माणूस नाकाला लावायचा. डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे आणि समोर जो कोणी असेल त्याला म्हणायचे, "वास येस ना? मंग प्या."

गावाच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची आणि नळांना पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. ग्रामपंचायतीनं नेमलेला माणूस. मी त्याच गावच्या उपकेंद्रातली नर्स. गाव चाळीसगावकडचं, नाव सांगत नाही. तुमच्याही गावात असा एक माणूस असेलच, आणि तुम्ही त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नसेल. मीही पहिली दोन वर्षं पाहिलं नव्हतं.

अंगानं काटकुळे. बोटांच्या पेरांना पावडरनं भेगा पडलेल्या. सगळ्या शर्टांवर विटके पांढरे ठिपके. मी तोंडाची फटकळ, एकदा म्हटलं, "आबा, एखाद्या दिवशी तरी नवा शर्ट घाला हो!"

"नवाच शे, बाई," आबा म्हणाले. "कालच दुकानमाईन लिन्हा."

पावडर बादलीत कालवायची, अर्धा तास निवळू द्यायची आणि वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. मग प्रत्येक गल्लीतल्या शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या छोट्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पावडर तिथपर्यंत पोचली. शेवटचा नळ कधी चुकवला नाही त्यांनी. पहिला नळ सरपंचांच्या दारात होता, तो मात्र पुष्कळदा चुकायचा.

गावाला त्यांचा राग होता. चहाला दवाखान्याचा वास येतो, डाळ बेचव लागते, एक ना दोन. बायका नळावरून ओरडायच्या, "आबा, आज पोतंच ओतलं का?" आबा हसत पुढे जायचे. फार झालं तर म्हणायचे, "पानी गोड लागनं का समजी ल्या, काहीतरी चुकनं."

त्यांची भीती एकाच जागेची होती. खालच्या गल्लीची पाइपलाइन गटारातून जात होती आणि तिथला सांधा गळत होता. आबांनी त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली होती. पंचायतीत चार वेळा अर्ज दिला. पाचवा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला, म्हणजे तो सांधा मलाही ठाऊक होता. हे लक्षात ठेवा.

आता कानबाईचं सांगते. मी पडले नगरकडची, मला इथं आल्यावरच कळलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. तिचा रोट असतो, म्हणजे साऱ्या भावकीनं एकत्र जमून केलेला देवीचा स्वयंपाक. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. तो भावकीबाहेर कुणाला देत नाहीत. सुरतेला पोटासाठी गेलेले लोकसुद्धा त्या दिवशी गावात येतात.

आदल्या शनिवारी खालच्या गल्लीतल्या अक्का चार बायका घेऊन उपकेंद्रात आल्या. त्यांची भावकी गावात सगळ्यात मोठी. मी नवीन असताना महिनाभर मला भाकरी पुरवणाऱ्या त्या अक्काच. म्हणाल्या, गेल्या वर्षी खिरीला पावडरचा वास आला, देवीपुढे ठेवायची लाज वाटली. "एक रोज नका टाकू म्हना आबाले. तो तुमनंच ऐकस."

मी आधी नाही म्हटलं. खरंच म्हटलं. पण वर्षभरात जुलाबाचा एकही पेशंट नव्हता, बाहेर पावसाची झड लागलेली, आणि अक्कांना नाही म्हणणं जिवावर येत होतं. मी आबांना बोलावून घेतलं आणि अक्कांच्या देखत म्हटलं, "एका दिवसानं काय होतंय? सोमवारी दुप्पट टाका."

आबा दारातच उभे होते. छत्री मिटली नव्हती त्यांनी.

"जंतूस्ले कानबाई समजस का, बाई?"

बायका खळखळून हसल्या. मीही हसले. मेली माझी जीभ, वर म्हणाले, "समजवा तुम्ही त्यांना!"

अक्कांची पाच वर्षांची नात सुरतेहून आली होती, ती तिथंच आजीच्या पदराला धरून उभी होती. तिला पिवळं पाणी बघायचं होतं. आबांनी खिशातून नळी काढली, बेसिनच्या नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पोरीनं टाळ्या वाजवल्या. मग आबा तसेच पावसात निघाले. त्यांनी माझं ऐकलं.

रविवारी दिवसभर पाऊस कोसळला. गटार तुंबून गल्लीत आलं आणि तो सांधा त्या पाण्याखाली गेला.

सोमवारी दुपारी पहिले उलट्या-जुलाबाचे पेशंट आले. संध्याकाळपर्यंत उपकेंद्राच्या ओट्यावर जागा उरली नाही, शाळेचे दोन वर्ग उघडावे लागले. सगळी खालची गल्ली. आबा खिडक्यांच्या गजांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगत होते, मिठा-साखरेचं पाणी उकळून आणत होते. मंगळवारी पहाटे अक्कांची नात तालुक्याला नेताना जीपमध्ये गेली. माझ्या मांडीवर. तिच्या हातावर कानबाईसाठी काढलेली मेंदी होती.

चार दिवसांनी साथ आटोक्यात आली आणि ग्रामसभा भरली. जिल्ह्याहून साहेब आले होते. टाकीच्या वहीत रविवारी पावडर टाकल्याची नोंद नव्हती, हे त्यांनी वाचून दाखवलं आणि आबांना उभं केलं. पावडर का टाकली नाही?

मी पुढच्याच खुर्चीवर बसले होते. अक्का बायकांत, भिंतीला टेकून. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मी इसरी गऊ, साहेब."

लोक उठले, शिव्या सुरू झाल्या. कुणीतरी चप्पल भिरकावली, ती त्यांच्या खांद्याला लागली. मी तोंड उघडलं नाही. एवढी फटकळ बाई मी, माझ्या तोंडाला कुलूप लागलं. आबांना त्याच दिवशी कामावरून काढलं. सांधा आठवड्याभरात नवा बसला.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात बादली घासत होते.

"खोटं का बोललात?"

"तुमले काढी टाकं असतं, ते या लोकस्ले सलाईन कोन लावतं?" हात न थांबवता म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आनि पावडर ते मन्हाच हातमा व्हती."

मी रडले. त्यांनी मला पाणी दिलं. त्यालाही वास होता.

पुढचं वर्षभर ते रोज सकाळी शेवटच्या नळाशी जाऊन ओंजळ नाकाशी न्यायचे. पावडर आता पंचायतीचा दुसरा माणूस टाकायचा; यांना काम नाही, पगार नाही. काही बायका भांडी उचलून बाजूला सरायच्या. "पोर खाऊन पोट भरलं नही का?" असंही एकीनं म्हटलं. मी ते ऐकलं आणि तिथून पुढे चालू लागले, हेही लिहून ठेवते.

पुढच्या कानबाईला मात्र अक्कांनी एक केलं. रोटाच्या पाण्याची घागर डोक्यावर घेऊन त्या भरगल्लीतून आबांच्या दारात गेल्या, घागर उतरवली आणि म्हणाल्या, "आबा, जरा वास ल्या."

आबा वाकले. कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "येस."

अक्का घागर घेऊन परत फिरल्या. गल्ली बघत राहिली. पण अक्कांनी असं का केलं, ते कुणाला कळलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात आबा गेले. दम्यानं. तिरडीमागे आम्ही मोजून अकरा माणसं होतो.

श्रावणात अक्का घागर घेऊन थेट माझ्या उपकेंद्रात आल्या. त्यांना आता धाप लागते. घागर टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आबा आते नही शेत. तुम्ही वास ल्या."

मी वाकले. वास नाकात भिनला, डोळ्यांत पाणी आलं. "येतो," म्हटलं.

अक्कांनी घागर उचलली नाही. "मंग आते सांगी टाकू, बाई. दोन्हीजनी."

पंधरा ऑगस्टला झेंडा झाल्यावर शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा भरली. विषय संपत आले तशी मी उठले. मागे अक्का उभ्या राहिल्याचं मला त्यांच्या बांगड्यांवरून कळलं.

सरपंच म्हणाले, "बोला सिस्टर, काय म्हणणं आहे?"

मी म्हणाले, "आबा विसरले नव्हते."