मस्कतचा अर्धा सेकंद

जुईगावची शेतं नव्या शहरात गेली आणि गोटीरामच्या हाती नांगराऐवजी टेलिफोनची केबल आली. खड्ड्यात उतरायचं, शेकडो तारांचे रंग जुळवून जोड द्यायचे, वरून गरम मेण ओतायचं. हाताला असं यश, की त्याने दिलेला तारांचा सांधा भर पावसाळ्यातही दगा देत नसे.

चौऱ्याऐंशी साली त्याचा मुलगा वामन वेल्डर होऊन मस्कतला गेला. शुक्रवारी दुपारी तो पोपटशेठच्या दुकानात फोन करी. त्याची आई सगुणा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची, शेजारी गोटीराम कान लावून उभा.

"बरा हायस ना?" ती विचारी. जराशी शांतता. मग, "बरा हाय, आई."

ती शांतता सगुणाने जिवाला लावून घेतली. "इचारला का गप ऱ्हातो, मंग बोलतो. पोर काईतरी लपवतो," असं म्हणून ती दोन घासांवर उठू लागली.

गोटीरामची खात्री, की कुठेतरी सांधा कच्चा आहे. बायकोचं दुःख पक्कडीने दूर करणारा नवरा गावागावांत एक असतोच. त्याने दुकानाची तार बदलली, एक्सचेंजपर्यंतचे जोड सोडून पुन्हा बांधले. आवाज खणखणीत झाला, शांतता तेवढीच राहिली.

शेवटी त्याने एक्सचेंजच्या साहेबांना विचारलं. ते हसले नाहीत. "गोटीराम, आवाज आधी आभाळात जातो. छत्तीस हजार किलोमीटरवर उपग्रह आहे, तिथून मस्कतला उतरतो. उत्तरही तेवढंच चढून उतरतं. जातो तो उजेडाच्या वेगाने, त्यापुढे काही धावत नाही. तारा वाढवल्या तर जास्त माणसं बोलतील, पण अंतर कोण कापणार? अर्धा सेकंद लागायचाच."

त्याने घरी हे सांगितल्यावर सगुणा पोटभर जेवली. गोटीरामला मात्र नादच लागला. महापेच्या खड्ड्यात बसून तो वर पाही. सगुणाचं 'बरा हायस ना' खाडीवरून, मिठागरांवरून, घारींच्याही वर निघालेलं त्याला दिसे. जिथे वारासुद्धा नाही तिथे ते एकटंच वळे आणि वाळूच्या देशात उतरे. त्याला त्या शब्दांची माया वाटू लागली. तो अर्धा सेकंद इतका अंगवळणी पडला, की सगुणाने विचारलं की तो श्वास घेई, आणि सोडायच्या आत उत्तर येई.

दिवाळीनंतरच्या शुक्रवारी तिने विचारलं. गोटीरामने श्वास घेतला, सोडला. दुसरा घेतला. मग आलं, "बरा हाय, आई."

"आभालातून आला," सगुणा कौतुकाने हसली. तिचा आता पुरता विश्वास बसला होता, आणि तो त्यानेच बसवला होता.

त्याने रिसीव्हर काढून घेतला. "वामन, निघून ये रं पोरा. कामाचा मंग बघू."

एक श्वास. दोन. तीन.

"काय बोलतो?" सगुणाने विचारलं.

"लांब हाय ना," गोटीराम म्हणाला, "येल लागतो." आणि पलीकडचे हुंदके तिला ऐकू जाऊ नयेत म्हणून त्याने रिसीव्हर कानावर घट्ट दाबून धरला.