कोरे करण्याआधी

तापलेल्या झेंडूला वेगळाच वास असतो. ताज्या फुलाचा तिखट, हिरवट दर्प त्यात उरलेला नसतो. उन्हात विसरलेल्या गवतासारखे, किंचित करपलेले काहीतरी असते. दसऱ्यानंतरच्या त्या आठवड्यात आमच्या नेरूळच्या घरात दुपारच्या वेळी तो वास दरवळत असे. दारावरचे तोरण वाळत होते, ऑक्टोबरचे ऊन गॅलरीतून निम्म्या खोलीपर्यंत आत येत होते आणि खाडीवरचा वारा संध्याकाळपर्यंत कुठेतरी अडून बसलेला असे. त्यामुळे वास तोरणाचाच, असे मी धरून चालले.

त्याच आठवड्यात कॉम्प्युटर अडू लागला. सुरू नीट व्हायचा, पण थोड्याच वेळात पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. तुम्ही दोघे परदेशी गेलात तेव्हा फार लहान होतात. आजोबा आजारपणाआधी किती घडाघडा बोलत, हे तुम्हाला आठवत नसेल. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. बुद्धी मात्र पूर्वीइतकीच लख्ख राहिली आणि म्हणूनच मन अधिक अस्वस्थ. तुमच्या बाबांनी हे यंत्र घेऊन दिले, तेव्हापासून डाव्या हाताच्या एका बोटाने मराठी अक्षरे उमटवत ते माझ्याशी बोलत. बातमीवरचा शेरा, आमटीतले मीठ, सोसायटीच्या सेक्रेटरीची फजिती, सारे त्या पडद्यावर येई, आणि मी ओट्यापासून उठून येऊन, चष्मा लावून वाचून जाई.

यंत्राची देखभाल करणारे देवळेकर वाशीहून आले. चाळिशीचे, कायम घाईत असलेले, पण मनाने चांगले गृहस्थ. थिजलेल्या पडद्याकडे त्यांनी एकदाच पाहिले.

"सिस्टिम करप्ट झालीय, काकू. टेन्शन घेऊ नका. फॉरमॅट मारू, सगळं परत टाकू. मशीन एकदम नवं कोरं!"

"आणि यांची मराठी अक्षरं?"

"त्याची फ्लॉपी असेल ना?"

फ्लॉपी होती, पण पावसाळ्याने तिला बुरशी धरली होती, आणि ती देणारा दुकानदार गाशा गुंडाळून केव्हाच निघून गेला होता. देवळेकरांनी तिची पत्र्याची पट्टी सरकवून आत पाहिले. "ही गेली," ते म्हणाले, आणि प्रथमच खुर्चीवर नीट बसले. "मग मराठीची गॅरंटी नाही देत मी. नाहीतर एकेक पार्ट तपासत बसायचं. त्यात वेळ जाईल, आणि शेवटी फॉरमॅटच मारावं लागेल, ते वेगळंच. तुम्ही सांगाल तसं."

मराठीची खात्री नाही, म्हणजे यांच्या बोलण्याची खात्री नाही. तरीही माझे मन कोरे करण्याकडेच झुकत होते, हे खरे. माझी रीत तुम्ही सुट्टीत आलात तेव्हा पाहिली आहे: कपाट आवरायचे तर मी सगळे खण पलंगावर उपडे करते, पुसून घेते आणि मगच एकेक वस्तू परत आत ठेवते. दादरची भरलेली खोली सोडून या नव्या शहरात आलो, तेव्हा रिकाम्या भिंती पाहून मला हुरहुर वाटली नाही, मोकळेच वाटले. अडलेल्या गोष्टीशी झटत बसण्यापेक्षा ती पहिल्यापासून मांडावी, हे मला नेहमीच स्वच्छ वाटत आले आहे.

मी यांच्याकडे वळले. पडदा थिजलेला, त्यामुळे बोट निरुपयोगी. त्यांनी मान ताणली, ओठ मोठ्या कष्टाने जुळवले.

"न... को."

"बरं, काका," देवळेकर म्हणाले. "उद्या येतो. खोलूनच बघू."

दुपारी व्यायामाच्या बाई आल्या आणि नेहमीप्रमाणे यांच्या उजव्या हाताचे एकेक बोट उघडत, मिटत बसल्या. पाहता पाहता मनात आले, देह कोरा करून परत मांडायची सोय नाही, म्हणून आपण इतका धीर धरतो. सोय असती तर धरला असता का?

दुसऱ्या दिवशी देवळेकरांनी कॅबिनेटचे झाकण काढले आणि तोच वास भपकन अंगावर आला. आतल्या चिमुकल्या पंख्यात वाळलेला झेंडू रुतून बसला होता.

हे आयुष्यभर तळोज्याच्या कारखान्यात होते. तिथे खंडेनवमीला यंत्रे थांबवून, उघडून, तेलपाणी करून फूल आत, त्यांच्या चालत्या भागाशी वाहत. वरच्या पत्र्याची पूजा कसली करायची, असे ते म्हणत. त्याच रीतीने यंदा त्यांनी खुणा करून माझ्याकडून झाकण उघडून घेतले होते आणि डाव्या हाताने फूल तारांच्या जुडग्यावर ठेवले होते. कारखान्यात दुसऱ्या सकाळी फुले काढल्याशिवाय यंत्र सुरू होत नसे. घरात ते काम कोणाचे, हे काही ठरलेले नव्हते. टवटवीत होते तोवर फूल तारांवर बसून राहिले; वाळले, आक्रसले आणि खाली पंख्यात पडले. पंखा थांबला, यंत्र तापू लागले, तापले की अडू लागले.

"काका, मी आत व्हायरस शोधत होतो," देवळेकर हसत म्हणाले, "तुम्ही तर देवच बसवलात! फॉरमॅट मारायला घेतला असता तर मधेच अडकलो असतो."

हे एका बाजूने हसले, आणि यंत्र सुरू होताच पडद्यावर ओळ आली: "पुढच्या वर्षी फूल काढायचं काम तुझं."

डिस्क जुनी आहे, कधीतरी कोरे करावेच लागेल, असे देवळेकर सांगून गेले आहेत. तेव्हाचे तेव्हा पाहू. मला मात्र तो "नको" सारखा आठवत राहिला. पडदा आल्यापासून मी अक्षरे वाचत होते, यांच्या ओठांकडे पाहायचे सोडून दिले होते. त्यांनीही बोलायचे सोडले होते. आता चहानंतर थोडा वेळ मी यंत्र बंद ठेवते आणि त्यांच्यासमोर बसते. त्यांना ते मुळीच आवडत नाही. कपाळाला आठ्या घालून, चिडून का होईना, ते बोलतात.

परवा त्यांनी तुम्हा दोघांची नावे घेतली. त्यातले एक मला लगेच कळले. कोणाचे, ते सांगणार नाही. दुसऱ्यासाठी आम्ही अजून बसतो आहोत.