जाड लाकडाची होडी

मी सायखेड्याची, गोदाकाठची. लग्न होऊन नाशिकच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्याकाठी असलेल्या एका वस्तीत आले, ते सत्तरच्या दशकात. वस्ती कसली, डोंगराच्या उतारावर टेकलेली थोडीशी घरं. इथली माणसं मुळात लाकूडतोडीची. पूर्वी खाली दरीत सागाची मोठी वखार होती आणि माझे सासरे तिथले मुकादम. पुढे तोड बंद झाली, धरण झालं, आणि वखार, बैलगाड्यांची वाट, सगळं पाण्याखाली गेलं. माणसं वर सरकून काठावर राहिली, पण पाण्याशी त्यांनी सोयरीक केली नाही. धुणं, भांडी आणि गुरं, एवढाच संबंध. पोहता एकालाही येत नव्हतं.

लाकडाचा अभिमान मात्र असा, की कोंबड्यांचं खुराडंसुद्धा सागाचं. कुठलीही लाकडी वस्तू समोर आली की आधी बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकायचा आणि मगच बोलायचं. माझ्या रुखवतातल्या पाटावर सासऱ्यांनी अशीच टकटक केली आणि भर मांडवात म्हणाले, "आंबा हाय. चालंल." माझ्या वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला हसू आवरेना, तेव्हा आत्याने मागून चिमटा काढला.

लग्नाआधी मी डी.एड. केलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पावसाळा सरताना नोकरीची ऑर्डर आली, आणि शाळा होती बरोबर समोरच्या काठावर. आमच्या ओट्यावरून तिची कौलं दिसायची. दिवाळीची सुट्टी संपली की रुजू व्हायचं होतं. पण पाण्याला वळसा घालून डोंगरातून चालत गेलं तर शाळा सुटायच्या वेळेला पोचले असते. नवरा लासलगावला कांद्याच्या ट्रकवर, आठवड्याने घरी यायचा. तिकडे खोली घेऊन राहायची ऐपत नव्हती. ती नोकरी मला हवी होती. नुसती हवी नव्हती, रात्री डोळे मिटले की मला फळा दिसायचा. पण नव्या सुनेने हे कुणाला सांगायचं? मी ऑर्डरचा कागद घडी करून ट्रंकेत ठेवला आणि चुलीपुढे बसले.

सासऱ्यांनी ते पाहिलं असावं. जेवताना मान वर न करता म्हणाले, "वाट नाय म्हनून नोकरी सोडायची व्हय? होडी करू."

जन्मात त्यांनी होडी केली नव्हती. माळ्यावर नव्या दारासाठी जपून ठेवलेल्या सागाच्या फळ्या त्यांनी खाली काढल्या, आणि वखारीतले जुने गडी करवती, वाकस घेऊन अंगणात जमले. म्हातारी माणसं, पण लाकूड दिसल्याबरोबर सगळ्यांची कंबर सरळ झाली. शिव्या देत, विड्या ओढत, एकमेकांची टवाळी करत ते कामाला लागले. अंगणात इतकी मजा मी त्या घरात आल्यापासून पाहिली नव्हती.

फक्त फळ्या होत्या उंबरठ्याएवढ्या जाड. मी भोयांच्या होड्या बघत वाढलेली. चहा देताना हळूच म्हटलं, "मामा, आमच्याकडे होडीची फळी पातळ असते."

"तुमच्याकडं आगपेट्या बनवीत असतील," ते म्हणाले. "जाड लाकूड दगा देत नाय, पोरी." सगळे गडी हसले. मीही हसले, दुसरं काय करणार?

सांध्यांत काथ्या ठोकला, वरून डांबर फासलं. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग सगळ्या वस्तीने मिळून ओंडके ओढतानाची जुनी हाळी देत ती होडी उतारावरून पाण्यात ढकलली. होडी तरंगली. पोरांनी टाळ्या पिटल्या. सासऱ्यांचे एक जुने जोडीदार ऐटीत आत चढून बसले, तशी ती कडेपर्यंत खाली गेली. मग सासरे चढले आणि ती शांतपणे तळाला टेकली. काठाशीच होती म्हणून बरं. दोघे म्हातारे पाण्यात कमरेइतके बुडून, पागोटी सावरत, मांडी घालून बसून राहिले. उठायचं कसं, हे त्यांना सुचेना.

थोड्या वेळाने जोडीदार म्हणाले, "बुडाली, पन लय भक्कम बुडाली."

मी पदर तोंडात कोंबून घरामागे पळाले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग लक्षात आलं की सुट्टी संपत आली आहे, आणि तेच पाणी वेगळं झालं. तेवढ्यात ओट्यावरून सासूबाईंचा आवाज आला. त्या सासऱ्यांना सांगत होत्या, "माझ्यासंगं भाकरी थापाया बसा. जाड ऱ्हायली की कच्ची ऱ्हाती, एवढं कळंल. सून सांगत व्हती तवा ऐकलं का?"

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी होडी बाहेर ओढून घेतली, तिच्या फळ्या सुट्या केल्या आणि रंधा मारायला बसले. चांगल्या सागाचा भुसा करणं त्यांच्या जिवावर आलं होतं, ते त्यांच्या तोंडाकडे बघून कळायचं. मधेच थांबून टकटक करायचे, आवाज ऐकायचे, उसासा टाकायचे आणि पुन्हा माझ्याकडे बघायचे. मी 'अजून जाड आहे' म्हणून मान हलवली की पुन्हा रंधा. त्या दिवसांत वस्तीत प्रत्येकाने सागाच्या भुशावर तापवलेल्या पाण्याने आंघोळ केली. सणाची आंघोळ त्यापुढे फिकी पडली.

या वेळी होडी दोघांना घेऊन नीट उभी राहिली. वल्हं कसं मारायचं ते मी काठावरून सांगायची आणि सासरे काठाकाठाने मारायचे. होडीत मी बसले ती थेट शाळेच्या पहिल्या सकाळी. पाणी अगदी स्थिर होतं. सासऱ्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि वल्हं असं धरलं होतं, जणू कुणी हिसकावून घेणार आहे. पलीकडे पोरं गोळा झाली होती. सासरे गुडघाभर पाण्यात उतरले, दोन्ही हातांनी होडी धरली आणि पोरांना म्हणाले, "बाजूला व्हा रं. बाईंना उतरू द्या."

घरात मी 'पोरी' होते. त्या काठावर त्यांनी मला बाई केलं. पहिल्या तासाला काय शिकवलं ते आठवत नाही, पण तो आवाज दिवसभर कानात होता.

संध्याकाळी काठावर आले तर सासरे करंजाच्या झाडाखाली बसलेले. मला वाटलं, न्यायला लवकर आले. पण सकाळी त्यांना बांधून दिलेलं भाकरीचं फडकं रिकामं होऊन शेजारी पडलेलं. ते गेलेच नव्हते.

"मामा, घरी का नाही गेलात?"

त्यांनी रिकामं फडकं उचलून झटकलं. कोसळत्या सागाखालून माणसं ओढून काढलेला मुकादम तो.

"एकट्याला भ्या वाटतं गं," ते म्हणाले. "सकाळी तू व्हतीस म्हनून धीर व्हता."

आणि मी सकाळभर त्यांच्या धीरावर बसले होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते लाजले असते. मी त्यांना हाताला धरून मधल्या फळीवर बसवलं आणि वल्हं स्वतः घेतलं.