ताठ पायांवर उभा राहणारा निखिल

निखिल पलंग आणि व्हीलचेअर यांच्या मधोमध लोंबकळत होता. एका बाजूने मी धरलेलं, दुसऱ्या बाजूने त्याच्या बायकोने, ऋचाने. खाली पाय लुळे पडलेले. दोघींनी त्याला कसंबसं परत पलंगावर टेकवलं.

मी फिजिओथेरपिस्ट. मणक्याला इजा झालेल्यांच्या घरी जाऊन व्यायाम घेते. बेळ्ळंदूरच्या या फ्लॅटमध्ये निखिल परवापरवापर्यंत स्वतः उठून खुर्चीत बसायचा. अपघातानंतर पायांत ताकद थोडीच उरली होती, पण स्पास्टिसिटी भरपूर. म्हणजे मेंदूचा ताबा सुटल्याने स्नायू आपोआप आखडतात. स्पाझम येऊन पाय ताठ होतात, मध्येच उडतात, झोपेचं खोबरं होतं. वैतागून त्याने डॉक्टरांकडून स्नायू सैल करणाऱ्या गोळीचा डोस वाढवून घेतला होता.

"मॅडम, स्पाझम एकदम झीरो झाले. मग हे काय नवीन?"

"अरे, तू त्या ताठपणावरच उभा राहत होतास. तोच घालवलास!"

ऋचाचा आवाज चढला. "माझी सुट्टी संपत आलीय. हा एकटा उठला नाही, तर याला नागपूरला आईबाबांकडे ठेवावं लागेल."

निखिलने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. हा दिवसभर काय काय करतो, हे डोस वाढवताना कुणी विचारलंच नव्हतं.

"मग आजपासून गोळी बंद," तो म्हणाला.

"खबरदार! एकदम बंद केलीस तर फिट येऊ शकते."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"स्पाझम कमी करा, असं तोच म्हणाला होता," डॉक्टर त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले.

"झाले ना कमी, सर. आता माणूसच उठेना झालाय."

"सरी, ठीक आहे. दिवसाचा डोस स्वल्प स्वल्प कमी करूया. रात्रीचा राहू दे, झोप तरी लागेल."

ऋचाने ऑफिसशी भांडून आणखी काही दिवस घरून काम मागून घेतलं. पायांत हळूहळू ताठपणा परतला. एका सकाळी आम्ही दोघी मुद्दाम लांब उभ्या राहिलो. निखिल पुढे झुकला, पाय ताठ झाले, क्षणभर उभा राहिला आणि वळून खुर्चीत बसला. ऋचा रडली. मग डोळे पुसून लॅपटॉपची बॅग उचलली आणि ऑफिसला गेली.

हल्ली नव्या पेशंटचे पाय किती ताठ आहेत, हे मी नंतर तपासते. आधी विचारते, सकाळी पलंगावरून कसे उठता?