साखऱ्याचा किसन लिंबाजी

फौजेत मी वीस वर्षं काढली. त्यातली शेवटची सहा रेकॉर्ड ऑफिसात, हवालदार क्लार्क म्हणून. गावाकडं लोक लढाईच्या गोष्टी मागतात. मी धुळकट रजिस्टरांशी लढलो असं सांगितलं, की त्यांची तोंडं उतरतात. पण माझी सगळ्यात मोठी मोहीम रिटायर झाल्यावर झाली, हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यात.

तिथल्या गयाबाई आत्या आईच्या पोटात असताना त्यांचे वडील किसन इंगोले दुसऱ्या महायुद्धासाठी समुद्रापार गेले. ते परतले नाहीत, तारही आली नाही. गावानं ठरवून टाकलं की किसन पलटण सोडून पळाला, तिकडंच दुसरा संसार थाटला. आत्यांची आई सोनाबाई हे ऐकतच म्हातारी झाली आणि गेली.

"हवालदार, माजा बाप पळाला का लढताना मेला, येवढं सांग," आत्या म्हणाल्या. "मंग मी सुखानं डोळे मिटते."

घरच्यांनी तीनदा अर्ज केले होते. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: किसन इंगोले, नोंद नाही. मी अर्ज वाचला आणि कपाळावर हात मारला. जुन्या रजिस्टरांत आडनाव क्वचितच दिसायचं. जवानाचं नाव, पुढं बापाचं नाव, झालं.

"आत्या, आजोबांचं नाव काय?"

"लिंबाजी."

त्याच दिवशी जुन्या ऑफिसातल्या दळवीला फोन लावला. बारा दिवसांनी, सकाळी अकरा वीसला त्याचा फोन आला. मी आत्यांच्या ओसरीवरच होतो.

"सर, किसन लिंबाजी. सिपाही. इटलीत, नदी ओलांडताना गोळीबारात मृत्यू."

"गाव?"

"साखरा."

"साखरा नावाची गावं ढीगभर आहेत. वारस बघ."

पान उलटल्याचा आवाज आला. मी कधी उठून उभा राहिलो, कळलंच नाही. पहिल्या परेडलाही छाती इतकी धडधडली नव्हती.

"पत्नी, सोनाबाई."

"रिपीट!"

"सोनाबाई, सर. सोनाबाई!"

"आत्या, सापडले!" मी ओरडलोच. "पळाले नाहीत. लढताना गेले."

आत्या रडल्या नाहीत. काठी घेऊन उठल्या.

"चाल ग्रामपंचायतीत. त्या भोंग्यावर सांग."

मी घुटमळलो.

"काहून थांबला? पळाला म्हणणारं समदं गाव व्हतं. समद्या गावाला ऐकू दे."

एरवी नळाला पाणी कधी येणार, हे सांगणारा तो भोंगा. सरपंचांनी लगेच माइक हातात दिला. बाराला पाच मिनिटं होती. मी सावधान उभा राहिलो आणि परेडच्या आवाजात सांगितलं.

"सिपाही किसन लिंबाजी, राहणार साखरा. पत्नी सोनाबाई. इटलीत नदी ओलांडताना, शत्रूशी लढताना वीरमरण."

समोरच्या हॉटेलातली माणसं बाकांवरून उठली.

आत्यांनी माझी बाही ओढली.

"आईचं नाव पुन्यांदा घे. जरा मोठ्यानं."

मी घेतलं.